जर्मनीतल्या एका मराठी मंडळाचे संकेतस्थळ आणि घरी आणलेले दोन फॉन्ट

२०२२च्या ऑक्टोबरमध्ये, दिवाळी अंकाचे शेवटचे मुद्रितशोधन चालू असताना, जर्मनीतल्या एका शहरातील मराठी मंडळाच्या खजिनदारांनी मला एका पत्राची प्रत पाठवली. पत्र मंडळाला आलेले नव्हते, ओळखीतल्या दुसऱ्या एका लहान संस्थेला आले होते. तिच्या संकेतस्थळावर गुगल फॉन्ट्स थेट गुगलच्या सर्व्हरवरून मागवले जातात, त्यामुळे भेट देणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर त्याचे यंत्र ओळखणारा क्रमांक, त्याच्या संमतीविना एका अमेरिकी कंपनीकडे जातो, आणि १७० युरो भरल्यास हे प्रकरण मिटवता येईल, असा त्याचा मजकूर होता. खजिनदारांनी खाली एकच ओळ लिहिली होती : ‘आपल्याकडेही असेच आहे का?’

आपल्याकडेही तसेच होते. मंडळाचे संकेतस्थळ काही वर्षांपासून मी हौसेने सांभाळतो. संकेतस्थळे बनवण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीवर चालणाऱ्या या लहानशा स्थळावर गणेशोत्सव आणि कोजागरीच्या सूचना, शनिवारच्या मराठी शाळेचे वेळापत्रक, दिवाळी अंकाची वेब-आवृत्ती आणि नगरपालिकेसारख्या स्थानिक कार्यालयांसाठी जर्मन भाषेतली काही पाने एवढाच पसारा आहे. इतक्या लहान स्थळावरचे फॉन्ट आपल्या सर्व्हरवर हलवणे हे एका संध्याकाळचे काम असेल, असे मी त्यांना कळवले. प्रत्यक्षात ते जानेवारीपर्यंत पुरले. लॅटिन लिपीच्या स्थळाला ते खरोखरच एका संध्याकाळचे काम ठरले असते. देवनागरीला ते का ठरले नाही, याची ही नोंद आहे.

धास्तीमागचा निकाल

त्या पत्रांना आधार होता तो म्युनिकच्या प्रादेशिक न्यायालयाच्या २० जानेवारी २०२२च्या निकालाचा. एका संकेतस्थळाने गुगल फॉन्ट्स दूरच्या सर्व्हरवरून मागवल्यामुळे भेट देणाऱ्याचा आयपी पत्ता गुगलला कळला. हा पत्ता वैयक्तिक माहितीत मोडतो, आणि तेच फॉन्ट गुगलशी संपर्क न करताही वापरता येत असल्याने ‘आमचा न्याय्य हितसंबंध होता’ हा संकेतस्थळाचा बचाव टिकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. तक्रारदाराला १०० युरो भरपाई मिळाली आणि पुन्हा असे घडल्यास अडीच लाख युरोंपर्यंत दंडाची ताकीद देण्यात आली.

भरपाईची रक्कम किरकोळ होती, परंतु तिच्या बळावर त्या वर्षीच्या शरद ऋतूत पत्रांचा अक्षरशः पाऊस पडला. डिसेंबर २०२२मध्ये बर्लिनच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाने अशा पत्रांमागच्या लोकांकडे झडत्या घेतल्या, आणि ३० मार्च २०२३ रोजी म्युनिकच्याच न्यायालयाने अशा ठोक पत्रबाजीच्या एका प्रकरणात पत्रे पाठवणाऱ्याच्या विरोधात निकाल दिला. पत्रांतली हवा त्यामुळे गेली. मूळ निकालातला मुद्दा मात्र पत्रे लिहिणाऱ्यांच्या हेतूवर अवलंबून नव्हता : फॉन्ट घरी ठेवता येत असताना वाचकाचा पत्ता तिसऱ्याला का द्यायचा? मंडळाच्या कार्यकारिणीत मी हाच प्रश्न ठेवला आणि त्यावर फारशी चर्चा झाली नाही.

मागणी नेमकी कुठून होते

ब्राउझरमधली जाळ्याच्या हालचालींची पट्टी उघडली की प्रत्येक पान कोणकोणत्या सर्व्हरकडे काय मागते ते ओळीने दिसते. गुगलची रचना दोन टप्प्यांची आहे. आधी एका सर्व्हरवरून एक छोटी सीएसएस फाइल (पानाचे रूप कसे असावे ते सांगणारी) येते, आणि तिच्यात दिलेल्या पत्त्यांनुसार खुद्द फॉन्टच्या फाइली दुसऱ्या सर्व्हरवरून येतात. म्हणजे एका लेखाच्या पानासाठी वाचकाचा ब्राउझर आमच्या सर्व्हरखेरीज आणखी दोन ठिकाणी नवी जोडणी करत होता.

ही मागणी एकाच जागेहून होत असेल ही माझी पहिली चुकीची समजूत ठरली. एक मागणी थीम, म्हणजे स्थळाच्या रूपाचा साचा, करत होती, दुसरी कार्यक्रमांच्या दिनदर्शिकेचे प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्राम, करत होते, आणि तिसरी दोन वर्षांपूर्वी मी स्वतः शीर्षभागात घातलेली एक ओळ करत होती, जी मी साफ विसरलो होतो. चौथी सर्वांत लबाड होती. संपर्काच्या पानावर सभागृहाचा गुगल नकाशा जडवलेला होता आणि तो नकाशा स्वतःच्या पाट्यांसाठी गुगलकडून रोबोटो हा फॉन्ट मागवत होता. स्थळावरचे सगळे फॉन्ट घरी आणले तरी हा नकाशा जागेवर राहिला असता तर आयपी पत्ता जातच राहिला असता. आम्ही नकाशा काढून टाकला आणि त्या जागी ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतलेले एक स्थिर चित्र, श्रेयाच्या ओळीसह, ठेवले. ट्रामच्या थांब्यापासून सभागृहापर्यंतची वाट त्यावर लाल रंगात काढलेली आहे. जुन्या नकाशापेक्षा हे चित्रच लोकांना अधिक उपयोगी पडते, असे माझे निरीक्षण आहे.

याच वेळी कार्यकारिणीतल्या एका संगणक-अभियंत्या सदस्याने एक आक्षेप घेतला. गुगलचे फॉन्ट हजारो स्थळे वापरतात, त्यामुळे ते वाचकाच्या ब्राउझरमध्ये आधीच साठवलेले असतात, आणि घरी आणल्यास हा फायदा जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. एके काळी हे खरे होते. सफारीने २०१३पासून, क्रोमने ऑक्टोबर २०२०मधल्या ८६व्या आवृत्तीपासून आणि फायरफॉक्सने जानेवारी २०२१मधल्या ८५व्या आवृत्तीपासून प्रत्येक स्थळाचा साठा वेगळा केला. एका स्थळासाठी उतरवलेली फाइल दुसऱ्या स्थळाला आता मिळत नाही, मग ती कितीही सामाईक असो. साठ्यावरून कोणी कोणती स्थळे पाहिली हे ताडता येत असे, म्हणून हा बदल झाला.

फॉन्ट आणि त्यांचा परवाना

जुन्या थीममध्ये मथळे आणि मजकूर दोन्हीला नोटो सान्स देवनागरी होता. मथळ्यांसाठी आणि वेळापत्रकासाठी आम्ही तो कायम ठेवला. अंकातल्या लांब लेखांसाठी मात्र पुस्तकी वळणाचा फॉन्ट हवा होता, म्हणून टिरो टाइपवर्क्सचा टिरो देवनागरी मराठी निवडला. या संस्थेने देवनागरीचे हिंदी, संस्कृत आणि मराठी असे तीन वेगळे फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिलेले आहेत, आणि मराठीच्या फॉन्टमध्ये अक्षरांची मराठी वळणे मुळातच बसवलेली आहेत. त्याची एक अडचण अशी की तो साध्या आणि तिरप्या वळणातच मिळतो, त्याला ठळक वजन, म्हणजे जाड रेषांचे रूप, नाही. लेखात कोणी शब्द ठळक केला की ब्राउझर स्वतःच रेषा जाड करून खोटे ठळक अक्षर बनवतो. लॅटिनमध्ये ते खपून जाते, पण ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्र’ यांच्या आतल्या पोकळ्या त्यात बुजून जातात. त्यामुळे ब्राउझरची ही कारागिरी सीएसएसमधून बंद केली आणि लेखातले ठळक शब्द नोटोच्या मध्यम-जाड वजनात ठेवले.

दोन्ही फॉन्ट एसआयएल संस्थेच्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. या परवान्याची चालू, म्हणजे १.१ ही आवृत्ती २००७ची आहे. फॉन्ट फुकट आहे म्हणजे परवान्याशी आपला संबंध संपला, असे समजणारे पुष्कळ भेटतात. फॉन्ट गुगलच्या सर्व्हरवरून येत होता तोवर वाटप गुगल करत होते. तो आमच्या सर्व्हरवर आला त्या क्षणी वाटप करणारे आम्ही झालो. परवान्याच्या अटी फार कडक नाहीत : फॉन्ट सुटा विकू नये, प्रत्येक प्रतीसोबत स्वामित्वाची सूचना आणि परवाना असावा, आणि मूळ कर्त्यांनी एखादे नाव राखून ठेवले असेल तर बदललेल्या आवृत्तीला ते नाव देऊ नये. यातली शेवटची अट वेबसाठी महत्त्वाची आहे, कारण फाइलमधली नको असलेली अक्षरे कापून ती लहान करणे, ज्याला सबसेट करणे म्हणतात, हा बदलच समजला जातो. नाव राखलेले आहे की नाही याच्या भानगडीत दर वेळी पडायला नको, म्हणून आम्ही कापलेल्या फाइलींच्या आत आणि सीएसएसमध्येही मंडळाची स्वतःची साधी नावे दिली.

परवान्याचा मजकूर फाइलच्या आतल्या नोंदींत असला तरी चालतो, असे परवानाच सांगतो. मी त्यावर विसंबून होतो. पण फॉन्ट कापण्यासाठी वापरलेले फॉन्टटूल्समधले साधन, वेगळे सांगितले नाही तर, नावांच्या तक्त्यातल्या पहिल्या काही नोंदीच ठेवते आणि परवान्याच्या १३ व १४ क्रमांकांच्या नोंदी टाकून देते. ही बाब मला दोन आठवड्यांनी कळली. आता त्या नोंदी राखण्याची सूचना आज्ञेतच लिहिलेली आहे आणि फॉन्टच्या कप्प्यात परवान्याची सुटी मजकूर-फाइलही ठेवलेली आहे.

कार्‌यक्‌रम

आता मुख्य चूक. ती पूर्णपणे माझी होती.

देवनागरी फॉन्टची फाइल लॅटिनपेक्षा मोठी असते, ती अक्षरांच्या संख्येमुळे नव्हे. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य खंडात जेमतेम १२८ जागा आहेत. फाइल फुगते ती जोडाक्षरांमुळे, अर्ध्या अक्षरांमुळे, रफारांमुळे आणि वेलांट्यांच्या लहानमोठ्या रूपांमुळे. या रूपांना युनिकोडमध्ये स्वतःची जागा नसते. ‘क’, पायमोड आणि ‘र’ हे तीन संकेत ओळीने आले तर ‘क्र’ दाखवायचा, हा नियम फॉन्टच्या आत लिहिलेला असतो. असे नियम गटागटाने असतात : रफाराचा गट वेगळा, अर्ध्या अक्षरांचा वेगळा, अनुस्वार आणि मात्रा नेमक्या कुठे बसवायच्या याचा वेगळा. गुगल हे सगळे राखून फाइल कापते, म्हणून गुगलकडून फॉन्ट घेणाऱ्याला या नियमांचे अस्तित्वही कळत नाही.

मी जी कृती वापरली ती एका इंग्रजी स्थळासाठी लिहिलेल्या आज्ञेवरून उचलली होती. फाइल आणखी लहान व्हावी म्हणून तिच्यात फक्त दोन गट राखायला सांगितले होते : अक्षरांमधले अंतर जुळवण्याचा आणि लॅटिनमधल्या ‘एफ’ आणि ‘आय’सारख्या जोड्यांचा. लॅटिनला तेवढे पुरते. आज्ञा चालली, फाइल अपेक्षेपेक्षा खूपच लहान झाली आणि मी खूश झालो. इतकी लहान का झाली, हा प्रश्न मला त्या रात्रीच पडायला हवा होता.

माझ्या संगणकावर सर्व काही ठीक दिसत होते. दिवाळी अंकाची छापील आवृत्ती मीच जुळवत असल्याने दोन्ही फॉन्ट माझ्याकडे पूर्ण बसवलेले होते, आणि सीएसएसमध्ये मी ‘आधी वाचकाच्या संगणकावर हा फॉन्ट आहे का ते पाहा, नसेल तरच आमची फाइल घ्या’ अशी ओळ घातली होती. त्यामुळे माझा ब्राउझर कापलेली फाइल उघडतच नव्हता. बाकी साऱ्या जगाला ती दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मराठी शाळेत शिकवणाऱ्या काकूंचा फोन आला. ‘अरे, मुखपृष्ठावर कार्यक्रम असा का लिहिलायस? सगळ्यांचे पाय मोडलेत की,’ त्या म्हणाल्या. मी पाने ताजी करून पाहिली, मला काहीच वावगे दिसेना. अखेर त्यांनी त्यांच्या टॅब्लेटवरचे छायाचित्र पाठवले. मोठ्या मथळ्यात ‘कार्‌यक्‌रम’ असे लिहिलेले होते. रफार नाही, ‘क्र’ नाही, जिथे जिथे जोडाक्षर तिथे तिथे पाय मोडलेले सुटे अक्षर. खाली ‘नोंदणी’मधला अनुस्वार मात्रेवर चढून बसला होता. ‘मुख्य पृष्ठ’ हे शब्द ‘मुख्‌य पृष्‌ठ’ झाले होते. शनिवारच्या वर्गात मुले जोडाक्षरे शिकत होती, त्याच आठवड्यात मंडळाच्या स्थळाने जोडाक्षरे सोडून दिली होती.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. गटांची ती यादी आज्ञेतून काढून टाकली, म्हणजे ते साधन आपल्या मूळ सवयीप्रमाणे भारतीय लिप्यांचे सगळे गट राखते, आणि स्थानिक फॉन्ट आधी शोधण्याची ओळ कायमची हटवली. नवी फाइल चढवली आणि काकूंना कळवले. त्यांच्याकडे पान तसेच राहिले. फॉन्ट पुन्हा पुन्हा उतरवावा लागू नये म्हणून मी सर्व्हरला सांगून ठेवले होते की ही फाइल वर्षभर, म्हणजे ३,१५,३६,००० सेकंद, जपून ठेवावी आणि मधल्या काळात विचारायलाही येऊ नये. वाचकांच्या ब्राउझरांनी ती सूचना इमानाने पाळली होती. त्याच नावाने नवी फाइल ठेवून उपयोग नव्हता. नाव बदलून, त्यात आवृत्तीचा क्रमांक घालून फाइल पुन्हा चढवली तेव्हा कुठे ‘कार्यक्रम’ पूर्ववत झाला. वर्षभराची मुदत अजूनही तशीच आहे, ती योग्यच आहे. फक्त एकदा चढवलेल्या फाइलीला नंतर हात लावायचा नाही, बदल झाला की नवे नाव द्यायचे.

दुसरी एक चूक छोटी होती, पण तिची जात तीच. पहिल्या खेपेस मी स्थळावर त्या दिवशी असलेल्या मजकुरातली अक्षरे गोळा करून फक्त तेवढीच राखली होती. आठवड्याभराने एका लेखात ‘ॲप’ हा शब्द आला. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र जागा मिळाली, आणि आमच्या जुन्या मजकुरात तो आवाज ‘अ’ आणि चंद्र असा दोन संकेतांनी लिहिलेला होता. नवे अक्षर फाइलीत नव्हते, म्हणून ब्राउझरने ते वाचकाच्या यंत्रातल्या दुसऱ्या फॉन्टमधून आणले, आणि एकाच शब्दात एक अक्षर दुसऱ्याच हाताचे दिसू लागले. चालू मजकूर मोजून अक्षरे ठरवणे एखाद्या बोधचिन्हासाठी ठीक आहे. ज्या स्थळावर दर महिन्याला माणसे नवे काही लिहितात तिथे देवनागरीचा अख्खा खंड, रुपयाचे चिन्ह, सुट्या मात्रेसोबत दिसणारे तुटक वर्तुळ आणि अदृश्य असणारी दोन जोड-तोड चिन्हे ठेवावीत. त्या अदृश्य चिन्हांना अनेकजण कचरा समजतात, पण जुन्या पद्धतीने टंकलेल्या मराठीत ‘दऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा र त्यांच्यातल्याच एकावर अवलंबून असतो.

जर्मन पानावरचा ल

जोडाक्षरे सुधारल्यावर अंकाचे एक पान निवांत पाहत असताना मथळ्यातला ‘लेख’ आणि त्याखालच्या परिच्छेदातला ‘लेख’ यांत काहीतरी खटकले. परिच्छेदातला ल पाकळीचा होता, शाळेत गिरवतो तसा. मथळ्यातला ल हिंदी पुस्तकांतला, दंडाचा होता. ‘श’चीही तीच गत होती. टिरोमध्ये मराठी वळण मुळातच असल्याने परिच्छेद बरोबर होता. नोटोमध्येही मराठी वळणाचा ल आणि श आहेत, पण ते दडलेले आहेत : पान मराठीत आहे असे ब्राउझरने सांगितले तरच फॉन्ट ती रूपे बाहेर काढतो.

आमच्या पानांनी ब्राउझरला काय सांगितले होते? वर्डप्रेस बसवताना होस्टिंग कंपनीने भाषा जर्मन ठेवली होती, आणि स्थळावरचे प्रत्येक पान, दिवाळी अंकातल्या कवितांसह, स्वतःला जर्मन म्हणवत होते. गुगलकडून फॉन्ट येत होता तेव्हाही हेच घडत होते, आणि इतकी वर्षे ते कोणाच्या लक्षात आले नाही, माझ्या तर नाहीच. मराठी फॉन्ट शेजारी आला म्हणून ते उघड झाले.

आता मराठी पानांवर भाषा-निर्देश मराठीचा आहे, जर्मन पानांवर जर्मनचा, आणि जर्मन पानात मध्येच एखादे मराठी वाक्य आले तर त्या वाक्यापुरता वेगळा निर्देश दिला जातो. फॉन्ट कापताना भाषेनुसार रूप बदलण्याचा नियमगटही राखला गेला पाहिजे, नाहीतर निर्देश बरोबर असूनही ल हिंदीच राहतो. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या साधनांनाही यातून मराठी आवाज निवडता येऊ लागला. माझ्या मते या सगळ्या उपद्व्यापातली सर्वांत मोलाची सुधारणा हीच, आणि तिचा म्युनिकच्या न्यायालयाशी काही संबंध नव्हता.

पान कसे उघडते

बाकीचे काम तांत्रिक असले तरी सरळ होते. फाइली वेबसाठीच्या वॉफ-२ या फॉन्ट-स्वरूपात ठेवल्या. हे स्वरूप २०१८मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची अधिकृत शिफारस झाले आणि त्यात ब्रॉटली पद्धतीने दाबणी झालेली असते, त्यामुळे सर्व्हरने त्या पुन्हा दाबण्याची गरज नसते. नोटोच्या चार वजनांच्या चार फाइलींऐवजी बदलत्या वजनाची एकच फाइल घेतली. तिच्यातला रुंदी बदलण्याचा अक्ष आम्हाला नको होता, तो काढून टाकला आणि वजनाचा पल्ला ४०० ते ७०० इतकाच ठेवला. प्रत्येक फॉन्टचे देवनागरी आणि लॅटिन असे दोन तुकडे केले आणि कोणत्या तुकड्यात कोणते संकेत आहेत ते सीएसएसमध्ये लिहिले, म्हणजे नगरपालिकेतली कर्मचारी जर्मन पान उघडते तेव्हा देवनागरीचा तुकडा उतरतच नाही.

लेखाच्या मजकुराचा देवनागरी तुकडा तेवढा आधी मागवून ठेवण्याची सूचना पानाच्या शीर्षभागात दिली आहे. या सूचनेत एक खाच आहे. ब्राउझर फॉन्ट नेहमी परक्या स्थळाची वस्तू मागावी अशा निनावी पद्धतीने मागतो, मग तो स्वतःच्याच सर्व्हरवर का असेना, आणि आगाऊ मागणीतही तीच पद्धत लिहिली नाही तर ती फाइल दोनदा उतरते. हे माझ्याकडून झाले नाही, कारण त्याआधी दुसऱ्या एका कामात होऊन गेले होते.

फॉन्ट येईपर्यंत वाचकाला काय दिसावे यावर आम्ही थोडी खळखळ केली. काहीच सांगितले नाही तर बहुतेक ब्राउझर सुमारे तीन सेकंद जागा कोरी ठेवतात. आम्ही यंत्रातल्या फॉन्टमध्ये मजकूर लगेच दाखवून नंतर बदलण्याची पद्धत निवडली. विंडोजवर तोवर निर्मला दिसतो, ॲपलच्या यंत्रांवर कोहिनूर देवनागरी, आणि अँड्रॉइडवर बहुधा नोटोच, त्यामुळे तिथे मथळे बदललेले कळतही नाहीत. देवनागरीत हा बदल लॅटिनपेक्षा जास्त डोळ्यांत भरतो, कारण वर मात्रा-रफार आणि खाली उकार-पायमोड यांसाठी प्रत्येक फॉन्ट ओळीला वेगळी उंची देतो, आणि अदलाबदल होताच सगळा परिच्छेद खाली सरकतो. ओळीची उंची आकड्यात बांधून टाकली आणि तात्पुरत्या फॉन्टचा आकार टिरोच्या मापाला जुळवून घेतला. उडी पूर्णपणे गेली नाही, पण वाचता वाचता ओळ हरवते अशी तक्रार त्यानंतर आली नाही.

गोपनीयतेच्या निवेदनातला गुगल फॉन्ट्सविषयीचा परिच्छेद जानेवारीत काढून टाकला. खजिनदारांनी ते पान छापून फाइलला लावून ठेवले आहे.

पुढे, एप्रिल २०२४मध्ये आलेल्या वर्डप्रेसच्या ६.५ या आवृत्तीत फॉन्ट लायब्ररी आली, आणि गुगलचे फॉन्ट एका कळीवर स्वतःच्या सर्व्हरवर उतरवून घेता येऊ लागले. आज हे काम नव्याने करणाऱ्या मंडळाला मी आधी तोच रस्ता सांगेन, कारण त्यात फाइल आपण कापत नाही आणि माझ्यासारखी चूक होण्याचा प्रश्नच येत नाही. भाषा-निर्देश, परवाना आणि नकाशा यांकडे मात्र ती कळ पाहत नाही. आम्ही स्वतः जुन्याच रचनेवर राहिलो, मुख्यतः बदलत्या वजनाची छाटलेली फाइल सोडवत नाही म्हणून.

त्या फोननंतर स्थळावर एक लपवलेले चाचणी-पान तयार झाले. नवी फाइल बनली की ते पान आधी ज्या यंत्रावर हे फॉन्ट बसवलेले नाहीत अशा यंत्रावर, बहुधा काकूंच्या टॅब्लेटवरच, उघडले जाते. त्यावर ‘कार्यक्रम’, ‘नोंदणी’, ‘मुख्य पृष्ठ’, ‘ॲप’, ‘लेखनशैली’ असे शब्द दोन्ही फॉन्टमध्ये आणि सगळ्या वजनांत मांडलेले आहेत. मागच्या खेपेला काकूंनी त्यात ‘तऱ्हेवाईक’ घालायला लावला. तो एकदा नुक्त्याचा ऱ वापरून आणि एकदा साधा र, पायमोड आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून असा दोनदा लिहिला आहे, आणि त्या दोन ओळी सारख्या दिसल्याशिवाय फाइल सर्व्हरवर चढत नाही.